दोन नंबरची जीप

हिरो माझ्या जीपमध्ये कधीच बसला नव्हता. एवढं साधं वाक्य, पण चार वर्षं मला ते बोलता आलं नाही. उलट त्या चार वर्षांत दिवसातून वीस-पंचवीस वेळा मी लोकांना सांगत होतो की तो बसला होता, इथेच, या सीटवर.

जीप माझी होती. तिरोडा ते गोंदिया काळी-पिवळी चालवायचो मी. पुढे चार, मध्ये पाच, मागे बसतील तितके, आणि बाजाराच्या दिवशी टपावर भाजीच्या टोपल्या. तिचा दुसरा गिअर निसटायचा, तो गुडघ्याने दाबून धरावा लागे. समोरच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत लेकीचं नाव लिहून घेतलं होतं. घरची थोडी धानाची शेती बाबा बघत. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या आणि माझ्या गाडीला म्हातारी माणसं नि शाळेच्या पोरी तेवढ्या उरल्या. त्याच सुमारास सिनेमाची मंडळी आली.

त्यांना नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूला शूटिंग करायचं होतं. मुंबईहून त्यांनी ट्रकवर घालून एक जीप आणली होती, निळी, पांढऱ्या पट्ट्याची. अगदी तशीच दुसरी हवी होती, आणि स्टँडवर त्या बनावटीची माझी एकटीच उभी होती. त्यांच्यातला एक जण टेप घेऊन आला, पुढून-मागून मापं घेतली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "यही चलेगी." एका दुपारात त्यांनी काळ्या-पिवळ्यावर निळा रंग मारला. काचेवरचं लेकीचं नाव ब्लेडने खरवडताना तोच टेपवाला मला म्हणाला, "फिर से लिख देंगे." ते काही पुन्हा कुणी लिहिलं नाही. त्यांची ती एक नंबर आणि माझी दोन नंबर. हाकही तशीच मारत, "दो नंबर लाओ."

एक नंबरची जीप चालवायची नव्हतीच. कॅमेऱ्याला जागा व्हावी म्हणून तिची एक बाजू कापलेली होती. ती ट्रॉलीवर चढवायचे, ट्रॉलीला पुढची गाडी ओढायची, आणि हिरो वर बसून स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवायचा. केस उडावेत म्हणून समोर मोठा पंखा. चेहऱ्याचं सगळं काम असं उरकलं. मग उरलं खरं चालवणं. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या उंच मातीच्या पाळीवरून, धानाच्या बांध्यांमधल्या कच्च्या वाटेवरून, आणि शेवटी वाहत्या नाल्यातून. त्यासाठी मुंबईचा एक पट्टीचा ड्रायव्हर आणला होता, पण माझ्या दुसऱ्या गिअरने पहिल्याच दिवशी त्याला हात टेकायला लावले. "इसको वही चला सकता है जिसकी है," असं म्हणून तो खाली उतरला.

अशा रीतीने मला हिरोचा चौकडीचा शर्ट मिळाला. केसांवर विग बसवला. कपडेपटातली एक मुलगी रोज सकाळी तो पिनांनी पक्का करायची आणि प्रत्येक पिनेला "सॉरी भाऊ" म्हणायची. दिवाळी झाली होती, धान कापणीला आलं होतं, हवा छान होती, तरी त्या विगाखाली डोकं शिजून निघायचं. कॅमेरा कायम माझ्या मागे. मला एकच सांगितलं होतं, मागे वळून बघायचं नाही. अठरा दिवस मी मागे वळून पाहिलं नाही.

हिरो माणूस चांगला होता, उगाच का खोटं बोलू. नाल्यातून गाडी काढली त्या दिवशी तो काठावर खुर्ची टाकून बसला होता. पाणी बोनेटपर्यंत आलं होतं, मध्येच इंजिनाने आचका दिला, मी क्लच धरून तसाच रेस देत राहिलो आणि पलीकडे चढलो. तो उठून आला, हात मिळवला, म्हणाला, "भाई, कमाल चलाते हो." बोलता बोलता त्याने बोनेटवर हात टेकला. बोनेट तापलेलं होतं, त्याने लगेच काढून घेतला. माझ्या जीपला त्याचा स्पर्श झाला तो एवढाच.

सिनेमा लागला तेव्हा मी बायकोला नि बाबांना घेऊन गोंदियाला गेलो. मी शूटिंगला नुसती गाडी भाड्याने दिली, एवढंच बाबांना नि गावाला माहीत होतं. सिनेमा तसा बेताचा होता. पण ती पाळ आली, खाली पिवळी पडलेली शेतं, वरून निळी जीप धावतेय, आणि मग तो नाला. आख्ख्या थेटरात शिट्ट्या. पडदाभर माझी पाठ. बायकोने माझा हात दाबला आणि कानात म्हणाली, "तुमचीच पाठ हाय ना जी? डावा खांदा खाली हाय." मी मान हलवली. बाबा माझ्या दुसऱ्या बाजूला होते. ते मोठ्याने म्हणाले, "गाडी काय चालवते बापा हा पोट्टा! एवढा मोठा हिरो, पर हात पक्का हाय त्याचा."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाबांच्या तोंडून गाडी चालवण्याचं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या धंद्याला ते 'लोकं भरणं' म्हणत. आता ऐकत होतो, आणि मध्ये बोललो असतो तर ते थांबलं असतं. म्हणून ऐकत राहिलो.

तो नाल्याचा सीन फोनफोनवर फिरला. पोरं त्याच्या गाण्यावर रील करू लागली. गावी पोचलो तर पानठेल्यावरच्या लोकांनी गराडा घातला. एकाने विचारलं, "हिरो बसला होता ना तुह्या गाडीत?" दोन जीपा, ट्रॉली, विग, एवढं सगळं सांगत बसण्यापेक्षा मी म्हणालो, "होय ना." ठेल्यावर बाबाही होते. ते सगळ्यांकडे बघून हसले. बस, तिथून पुढे ते वाक्य माझं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गावभर होतं, आठवड्याने तिरोड्यात, आणि महिन्याभरात नागपूरहून एक पांढरी गाडी आमच्या दारात उभी राहिली.

ते सेठजी. नागझिऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी नवीनच रिसॉर्ट काढलं होतं. सिनेमातल्या गाड्या जमवायचा त्यांना नाद होता. नागपूरच्या घरी एक मोटारसायकल आणि दोन मोटारी आधीच होत्या. आमच्या अंगणातल्या खाटेवर बसून चहा पिता पिता त्यांनी मला जे सांगितलं, ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

"असं बघा भाऊ," ते म्हणाले, "एकाच कारखान्यातून एकाच दिवशी दोन गाड्या निघतात. एक भंगारात जाते. दुसरी बघायला लोक विमानानं येतात. फरक काय? ती दोन मिनिटं पडद्यावर दिसली. लोक लोखंड विकत घेत नाहीत. लहानपणी त्या गाडीकडे बघून जे वाटलं होतं ना, ते घेतात. म्हणून इंजिन बंद असलं तरी चालते, टायर नसले तरी चालते. पण सीट बदलली की गाडी गेली. हे फाटलेलं रेक्झिन शिवू नका. त्याचा घाम आहे ह्यात."

घाम माझा होता. अकरा वर्षांचा. मी बायकोकडे पाहिलं. ती दारात उभी होती, तिने नजर फिरवली आणि कप उचलून आत गेली.

सेठजी म्हणाले, "तो बसला होता, हे पक्कं ना?" विचारलं अशा सुरात की होकाराशिवाय दुसरं काही निघूच नये. बाबा पुढे सरसावले. "बसला म्हंजे? चालवला त्याने! मी सोता पायलो." सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "होय."

आठ दिवसांनी तिरोड्याला स्टँप पेपरवर सही केली. त्यावर लिहिलं होतं की सदर वाहन सदर अभिनेत्याने चित्रीकरणावेळी स्वतः चालविले असून वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. टायपिस्टने मोठ्याने वाचून दाखवलं, बाजूच्या बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या, आणि मी सही केली. गाडीचा भाव माझ्या अपेक्षेच्या कितीतरी पुढे होता. घरावर स्लॅब पडला. आणि सेठजींनी मला नोकरीवरच ठेवून घेतलं. म्हणाले, "गाडी कोणीही बघते. पण गोष्ट सांगणारा माणूस जवळ पाहिजे. तुमच्याशिवाय ती जीप मुकी आहे."

तिच्यासाठी काचेची खोली बांधली. खाली सिमेंटचा चौथरा, चाकं बसू नयेत म्हणून जीप लोखंडी घोड्यांवर उचललेली. बॅटरी काढली, डिझेल काढलं, ऑइलही काढलं. किल्ली सेठजींच्या नागपूरच्या कपाटात. भोवती जाड दोर. दोराच्या आत पाय टाकायची परवानगी फक्त पुसणाऱ्या बाईला, तेही मऊ कापडाने, आणि सीटला हात न लावता. मी दोराच्या बाहेर. चौकडीचा शर्ट मला शिवून दिला होता. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

लोक येत ते बहुतेक सफारीवरून. वाघ दिसला नाही की जीप बघायला येत. पोरं दोर ओलांडून घुसू पाहायची, नवी जोडपी पाठमोरी उभी राहून फोटो काढायची. एका बाईंनी मला विचारलं, "त्यांनी कुठलं अत्तर लावलं होतं हो?" मी म्हणालो, चंदनाचं. का म्हणालो कुणास ठाऊक. त्या डोळे मिटून दोराजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "येतोय, अजून येतोय." दुसऱ्या दिवसापासून चंदन माझ्या सांगण्यात कायमचं आलं. तसंच नाल्याच्या पाण्यात हिरो घाबरला होता आणि मी त्याला धीर दिला, हेही आलं. मग त्याने निघताना मला मिठी मारली, हे आलं. सेठजी खूश होते. मला मात्र सकाळी शर्टाची बटणं लावताना छातीवर कुणीतरी धान्याचं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं.

सोडून का गेलो नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. गाडी विकलेली, दुसरा धंदा नाही. वर सही केलेला कागद. आणि घरी बाबा, जे भेटेल त्याला रिसॉर्टवर पाठवत होते. मी ज्या दिवशी खरं बोलणार त्या दिवशी ते गावात खोटे ठरणार होते. बायकोने या सगळ्यावर एकदाच तोंड उघडलं. जेवताना म्हणाली, "पाठ तुमची, नाव त्याचं. आन् वरून तुमीच सांगून राहिले." मी ताटावरून उठलो नाही. ती रिसॉर्टवर कधीही आली नाही.

एका उन्हाळ्यातली गोष्ट. काचेच्या खोलीचं दार विजेच्या कुलुपाचं होतं. दुपारी दीडच्या सुमाराला वीज गेली तेव्हा मी आत होतो, एकटा, नि दार घट्ट बसलं. जनरेटर सुरू होईना. माळी, स्वयंपाकी, मॅनेजर, सगळे बाहेर जमा झाले. काच फोडायला मॅनेजर तयार नव्हता, सेठजींना फोन लागत नव्हता. आतली हवा तापत गेली. बाहेर काही पाहुणे आले, त्यांना हा कार्यक्रमच वाटला. ते फोटो काढू लागले. मी घामाने निथळत होतो. जीप माझ्यापासून दोन हातांवर. सीटवर जाऊन बसावं, असं वाटलं. दोन पावलं टाकायची होती आणि दोर माझ्या गुडघ्याएवढा होता. मी फरशीवर बसलो. पाऊण तास तिथेच बसून राहिलो. दार उघडल्यावर माळ्याने पाणी दिलं आणि विचारलं, "सीटवर काऊन नाही बसलास बे? तुहीच गाडी ना ते." रात्रभर मी त्याच प्रश्नावर होतो. मला तिथे कुणी बांधून ठेवलं नव्हतं. चार वर्षांत मीच इतका आखडलो होतो की स्वतःच्या सीटवर बसायला मला त्या हिरोची परवानगी लागत होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एक नंबर उगवली. मुंबईकडच्या कुणीतरी संग्राहकाने व्हिडिओ टाकला, की सिनेमातली खरी जीप आमच्याकडे आहे. बाजू कापलेली, निळी, पांढऱ्या पट्ट्याची. हिरोच्या तोंडासमोरचा शॉट आणि ती कापलेली बाजू त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवली होती. सेठजी त्याच दिवशी नागपूरहून निघाले. आल्या आल्या मला म्हणाले, "उद्या तुमचा व्हिडिओ करायचा. देवाची शपथ घेऊन सांगायचं, जीप एकच होती. आणि परवा एक मॅडम येतात. सिनेमाच्या सामानाची पारख करून कागद देतात. त्यांच्यासमोर नीट बोला."

व्हिडिओ मी टाळला. घसा बसलाय म्हणालो, आणि घसा खरोखरच बसला होता.

मॅडम आल्या. तिशीच्या आत-बाहेरच्या, केस बारीक कापलेले, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. त्या दोराच्या आत गेल्या, खाली झोपून चासी पाहिली, काचेवरच्या खरवडल्याच्या खुणा बोटाने चाचपल्या. मी आणि सेठजी बाजूला उभे. मग त्या उठल्या, हात झटकले, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम हसल्या.

"भाऊ, विग टोचायचा ना फार?"

कपडेपटातली ती मुलगी. मी ओळखलंच नव्हतं. सेठजी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघू लागले. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मला वाटलं होतं की असा क्षण आला तर पायाखालची जमीन जाईल. तसं काही झालं नाही. मी म्हणालो, "टोचायचा, मॅडम. तुम्ही सॉरी म्हणायच्या." मग सेठजींकडे वळून सांगितलं, "सेठजी, हिरो यात बसला नाही. गाडी मी चालवली. त्याने बोनेटला हात लावला होता, एकदा."

सेठजींनी मॅडमना चहाला पाठवलं. दार लागल्यावर ते हळू आवाजात बोलले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुमच्या सहीवर मी चार वर्षं लोकांना तिकीट लावलं. कागद तुमचा आहे. कोर्टात गेलं तर तुम्ही जाल."

"तुमाले खरंच माहीत नव्हतं का, सेठजी?"

ते काचेतून बाहेर बघत राहिले. "मी खोदून विचारलं नव्हतं," म्हणाले.

पण मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. लॅपटॉप उघडून त्यांनी नाल्याचा सीन लावला आणि चित्र थांबवलं. "एवढं घाबरण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही खऱ्या आहेत. त्यांच्या गाडीत चेहरा आहे, तुमच्या गाडीनं काम केलंय. ती कधी पाण्यात उतरलीच नाही. लोकांना आठवतो तो हाच सीन. अशा गाडीचे शौकीन वेगळे असतात, आणि ते कमी पैसे मोजत नाहीत. पण मग पाटी खरी लावावी लागेल. आणि," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "ज्यानं चालवली तो माणूस जिवंत आहे, हजर आहे. हे फार थोड्या गाड्यांच्या नशिबी असतं."

सेठजींचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. रागाचा मागमूस राहिला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदाच.

जुना कागद रद्द झाला, नवा झाला. तो खरा होता, सही करताना हात हलका होता. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बाबांसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "खोटं कायले बोलतेस? मी पायलो ना त्याले. तुह्याच्यानं होते का तसं?" मी पुन्हा सांगितलं, डावा खांदा, विग, दुसरा गिअर. त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर ते पुन्हा हिरोचंच सांगत होते. हिरोला दिलेलं कौतुक त्यांना परत घेता येईना, आणि मला देता येईना. मी नाद सोडला.

मला वाटलं होतं, खरं बोललो म्हणजे सुटलो. रिसॉर्टवर नवीन पाटी लागली आणि पाटीबरोबर विग आला. सेठजींनी मुंबईहून मागवला होता, जुन्यापेक्षा भारी. आता मी गोष्ट सांगणारा राहिलो नव्हतो, बघायची वस्तू झालो होतो. दोराच्या आत, जीपच्या शेजारी, फुलीची खूण केलेल्या जागेवर उभं राहायचं. लोक येत आणि म्हणत, "काका, जरा पाठ करा ना." मी वळायचो. मागे त्यांची कुजबुज, फोनची टिकटिक. कधी कुणी खांद्याला हात लावून पाहायचं, कुणी म्हणायचं, "सिनेमात जास्त रुंद वाटते." चेहरा बघायला कुणी थांबत नसे. दिवसभर माझ्या तोंडासमोर काच आणि काचेपलीकडे सागाची झाडं. कुठलं झाड कधी पानं टाकतं, हे मला पाठ झालं होतं. केस वाढवायचे नाहीत, वजन वाढवायचं नाही, कागदात लिहिलेलं होतं. एकदा सेठजींना म्हणालो, "एक डाव सुरू करू द्या. पाळीपर्यंत नेऊन आणतो." ते दुखावल्यासारखे बघत राहिले. "तुम्हालाही अजून कळलं नाही का भाऊ? ती चालली की तिची किंमत उतरते."

असं वर्ष गेलं. मग सेठजींनी सगळा संग्रहच विकला. राजस्थानातल्या कुठल्याशा मोठ्या हॉटेलाने घेतला. नव्या लोकांचा माणूस आला, सगळ्या गाड्यांची यादी त्याच्या हातात. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आपका क्वार्टर तैयार है वहाँ. फॅमिली भी ला सकते हो." मी यादीत डोकावलो. जीपच्या खालच्या ओळीत लिहिलेलं होतं, मूळ चालकासह.

घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "जायचं असन तर जा. पगार चांगला हाय. मी नाही येत." मग जरा थांबून, "तुमचं काय म्हननं हाय?" हे मला त्या सगळ्या काळात कुणी विचारलं नव्हतं, मी स्वतःलाही नाही. सकाळी जाऊन सांगितलं, येत नाही. सेठजी म्हणाले भाव पडेल. त्या माणसाने यादीतली ओळ खोडली आणि महिन्यातून काही वेळा व्हिडिओ कॉलवर लोकांशी बोलावं, अशी नवी ओळ लिहिली. तेवढ्याला मी हो म्हणालो. नाही म्हणायची सवय एका दिवसात लागत नाही.

जीप न्यायला ट्रक आला तेव्हा तिला आठ माणसं ढकलत होती आणि ती वाकडी जात होती. कुणालाच स्टिअरिंगचा अंदाज येईना. मीच दोर ओलांडून चढलो आणि सीटवर बसलो. रेक्झिन उन्हाने कडक झालं होतं. तीस-चाळीस फूट, फळीवरून ट्रकमध्ये, बिनआवाजाची. मी उतरलो. मग ट्रकचं मागचं फळकूट लागलं आणि सेठजींनी सगळ्यांना पेढा दिला.

आता मी बोदलकशाच्या मासळीवाल्यांची पिकअप चालवतो. उजाडता उजाडता तलावावर क्रेट भरायचे, वर बर्फ, आणि बर्फ वितळायच्या आत गोंदियाचा बाजार गाठायचा. गाडी दुसऱ्याची आहे, कपड्यांना वास येतो, पाठ दुखते. राजस्थानहून फोन येतो. एक मराठी मुलगी असते, गोड बोलते, "सर, गेस्ट आलेत, फक्त पाच मिनिटं, पाठ दाखवाल?" सुरुवातीला मी प्रत्येक वेळी गाडी बाजूला घेतली आणि दाखवली, रस्त्याच्या कडेला उभा राहून. बर्फ ठिबकत राहायचा.

परवाही फोन आला. तिरोड्याच्या पुढे होतो, पाठीमागे वीस क्रेट, समोर रेल्वेचं फाटक नुकतंच उघडलेलं. मी फोन कानाला लावला आणि म्हणालो, "गाडी चालवून राहिलो ना ताई. नंतर करा."

ती म्हणाली, "ओके सर, अर्ध्या तासानं करते." मी गिअर टाकला.